दोन पावलांच्या मध्ये

देवगिरी म्हटले की बहुतेकांना यादवांचे वैभव आठवते, कातळात तासलेला खंदक आणि किल्ल्याच्या पोटातली अंधारी वाट आठवते; मला तिथे एक हिशेबनीस आठवतो. तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या पदरी, शार्ङ्गदेव हा पंडित राज्याच्या जमाखर्चाचा अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत उतरले आणि इथलेच झाले. या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि त्यातल्या तालाध्यायात लयीचा विचार करताना दृष्टी ठेवली ती आघातानंतरच्या विश्रांतीवर. एक क्रिया संपली आहे, दुसरी अजून व्हायची आहे. त्या दोहोंच्या मध्ये जितका विसावा, तशी लय. विसावा आखडला की द्रुत, दुणावला की मध्य, त्याहून दुणावला की विलंबित. दिवसभर आकड्यांच्या ओळी मांडणाऱ्या या माणसाला ओळींमधल्या कोऱ्या जागेचे मोल पुरते उमगलेले असावे. काळ आपण घडलेल्या गोष्टींनी मोजतो आणि ज्यांत काहीच घडले नाही असे क्षण हिशेबातून वगळून टाकतो; त्याने नेमके तेच क्षण हाताशी धरले, आणि इतक्या शतकांनंतर माझ्या रोजच्या जगण्यातल्या कितीतरी गोष्टी मला त्याच्या त्या पाहण्यातून उलगडत जातात.

माझ्या घरी मिरजेचा एक तंबोरा आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकलेला कडू भोपळा वाळून, कापून, मिरजेच्या कारागिराच्या हाताखालून गेला आणि त्याचे हे वाद्य झाले. त्याच्या चार तारा, म्हणजे पंचम, दोन जोड आणि खर्ज, खुंट्या पिळून आणि मणी सरकवून स्वरात आणल्या तरी तंबोरा लागला असे होत नाही. तार स्वरात असते, पण बोलत नाही. मग घोडी आणि तार यांच्या मध्ये सुताचा एक बारीक धागा असतो, तो नखाने केसभर पुढे न्यायचा, केसभर मागे आणायचा, आणि तार छेडत राहायचे. धागा या बाजूला असतो तेव्हा नाद कोरडा आणि आखूड येतो. त्या बाजूला गेला की खरखरतो. आणि मध्ये कुठेतरी, डोळ्यांना दिसणार नाही अशा एका जागी, तार अकस्मात उमलते आणि त्या एका स्वरातून त्याचे सगळे आप्त स्वर बाहेर येऊ लागतात. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अतिशय मंद असा उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उताराला टेकते, सुटते, पुन्हा टेकते. धाग्याने तिला उचलून धरल्यामुळे टेकणे आणि सुटणे यांत जो सूक्ष्म अवकाश राहतो, तोच कानाला जवारी म्हणून ऐकू येतो. कारागीर कानस घेऊन तासन्‌तास घोडी घासतो तो या अवकाशासाठी. मला त्याच्या या श्रमांविषयी फार आदर वाटतो, कारण त्याच्या कामाचे फळ कुठेही दाखवता येत नाही. लाकडावर त्याची नक्षी दिसते, पण त्याने घडवलेली खरी वस्तू म्हणजे एक अतिशय बारीक फट असते.

मोठ्या गवयांच्या विलंबित ख्यालातही मन रमते ते अशाच जागेत. अमीर खाँ झुमऱ्याच्या चौदा मात्रा इतक्या संथ करून मांडत की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावे, ताल विरून गेला. विलंबित एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तन पुष्कळदा मिनिटभराचा अवकाश व्यापते, आणि त्या अवकाशात गवई एखाद्या स्वराभोवती फिरतो, त्याला स्पर्श करतो, दूर जातो. या सगळ्या वेळात तबलजी काय करत असतो, याकडे माझे लक्ष अलीकडे अधिक जाते. तो ठेका धरून असतो. हातात विद्या असते, बोटांत वेग असतो, तरी तो साधा, भरीव ठेका देत राहतो आणि गवयाला त्याची वाट शोधू देतो. दुसऱ्याच्या शोधाला पुरेल इतका काळ आपल्या हातांनी मोजून देत राहणे, ही मला संगीतातली अतिशय उदात्त गोष्ट वाटते. समेवर दोघे भेटतात तेव्हा श्रोत्यांच्या माना एकदम हलतात. परंतु भेटीचा आनंद ज्यामुळे शक्य झाला ती प्रतीक्षा तबलजीने एकट्याने सांभाळलेली असते.

पहाटे मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर धावायला जाते. वयाच्या एका टप्प्यावर लागलेली ही सवय आता शरीराचा भाग झाली आहे. चालणे आणि धावणे यांत वेगाचा भेद आहे असे आपण समजतो, पण खरा भेद निराळा आहे. चालताना एक पाऊल सतत जमिनीवर असते. धावताना, प्रत्येक दोन पावलांच्या मध्ये, एक क्षण असा येतो की दोन्ही पावले हवेत असतात आणि देहाला पृथ्वीचा आधार नसतो. पहाटेच्या त्या मुरमाड वाटेवर, गिरिपुष्पाच्या झाडांमधून, खाणीच्या बाजूने जाताना कुठेतरी मोर ओरडतो, आणि दोन पावलांना श्वास आत, दोन पावलांना बाहेर असे आवर्तन बसले की हा निराधार क्षण जाणवू लागतो. तो अत्यंत अल्प असतो, तरी सगळे धावणे त्याच्या भोवती रचलेले असते. पाऊल आपटणाऱ्याचे गुडघे लवकर थकतात. ज्याला त्या मधल्या क्षणात सैल होता येते तो दूर जातो. हे कुणी शिकवून कळत नाही, वाट शिकवते.

या शहराला धावण्याची एक जुनी आठवण आहे, आणि ती मला फार प्रिय आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत, पहिले महायुद्ध संपल्यानंतरच्या काळात, खेड्यापाड्यांतून आलेले शेतकरी अनवाणी धावले होते, आणि अध्यक्ष म्हणून तिथे असलेल्या दोराबजी टाटांनी त्यांच्या वेळा पाहून ओळखले की ही माणसे जगाच्या बरोबरीने धावू शकतील. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला, आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पुरी करून १९ वे आले. पुढे, १९७६ साली, माँट्रियलच्या मॅरेथॉनमध्ये बिहारचे शिवनाथ सिंह ११ वे आले. दोन वर्षांनी जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांची जी वेळ दिली तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी पुढच्या पिढ्या कितीतरी दशके धडपडत राहिल्या. अनवाणी पायांनी मोठी अंतरे कापण्याची सवय असलेला हा धावपटू होता. मला या माणसांच्या विक्रमांहून दोराबजींच्या त्या पाहण्याचे मोल अधिक वाटते. धूळभरल्या पायांच्या अनोळखी माणसांकडे पाहताना त्यांनी घाई केली नाही. पायात बूट नाहीत, धावण्याचे शास्त्र ठाऊक नाही, हे दिसताच निर्णय देऊन ते मोकळे झाले नाहीत. त्यांची नजर क्षणभर अधिक थांबली, आणि एका देशाचे खेळाशी नाते बदलले.

अनोळखी माणसाकडे आपण किती वेळ पाहतो? टेकडीवरच्या एका अरुंद वळणावर, मी माझ्या लयीत असताना, मागून वेगाने चालत आलेले एक गृहस्थ ओरडले, “ओ बाई, वाट विकत घेतलीय का?” मी बाजूला झाले, ते निघून गेले. एवढेच घडले. तसे पाहिले तर या शहरात राहणाऱ्याला असले वाक्य नवे नाही. बँकेच्या काउंटरवर, रिक्षाच्या रांगेत, सिग्नलला शेजारी थांबलेल्या गाडीतून ते ऐकू येतच असते. परंतु त्या सकाळी मी माझ्या देहाकडे लक्ष देऊन होते, म्हणून त्या वाक्याने काय केले ते मला स्पष्ट दिसले. दोन पावलांचा श्वास तीन पावलांचा झाला, मग दीड पावलाचा. खांदे कानांकडे चढले. पाऊल टाचेवर आपटू लागले. आणि मनात, एकामागून एक, त्या गृहस्थांना द्यायची उत्तरे तयार होऊ लागली, त्यांच्या मध्ये तसूभरही जागा नव्हती. एका अनोळखी माणसाच्या तोंडून निघालेल्या शब्दांनी माझ्यातला सगळा विसावा घेऊन टाकला. खाण ओलांडून पलीकडे गेल्यावरही माझा श्वास मला सापडला नाही.

मला तेव्हापासून असे वाटत आले आहे की उर्मटपणा हा मुळात काळाचा अपहार आहे. त्यात वापरलेले शब्द पुष्कळदा अगदी साधे असतात, घरात रोज बोलले जाणारे; पण ते दोन क्रियांच्या मधली विश्रांती गिळून आलेले असतात. पाहिले आणि बोलले, ऐकले आणि उलटले. मध्ये काही नाही. समोरचा माणूस कोण असेल, कुठल्या रात्रीतून उठून आला असेल, त्याच्या पायात काय रुतले असेल, हा प्रश्न उमटायला जो पळभराचा अवकाश लागतो तोच तिथे नसतो. त्या गृहस्थांचा मला राग आला होता, आणि तो रास्त होता असेच मी आजही म्हणेन. अपमान सोसून घेणे हा सद्‌गुण आहे असे मला वाटत नाही. तरीही नंतर मनात येत राहिले की ज्याला आयुष्यभर कुणी थांबून पाहिले नाही, ज्याचे प्रत्येक काम खिडकीपाशी ढकलाढकली करूनच झाले, त्याला दुसऱ्यासाठी थांबण्याची लय कुठून यावी? लय कानांनी मिळते. जी कधी ऐकलीच नाही ती हातात येत नाही.

ज्ञानदेवांनी हे फार खोलवर पाहिले होते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे लक्षण सांगताना ते आधी माणसाच्या चालण्याकडे पाहतात. भूमीवर पाऊल कसे पडते, पाण्यावरची लाट न मोडता पक्षी कसा उतरतो, भुंगा कमळाच्या केसराला धक्का न लावता पाय कसा ठेवतो, अशा उपमांतून त्यांनी पावलाची करुणा रेखाटली आहे. आणि मग ते वाणीकडे वळतात, तिथेही स्नेह आधी निघतो आणि शब्द मागाहून येतात असे सांगतात. अहिंसेचा विचार शस्त्रापासून सुरू न करता पायापासून सुरू करावा, आणि पायापासून जिभेपर्यंत एकच नियम वाहत जावा, याचे मला प्रत्येक वाचनात नव्याने आश्चर्य वाटते. ज्या मुलांना ओळखीपाळखीच्या जगाने वाळीत टाकले होते, त्यांच्यातल्या एकाने हे लिहिले. कठोर शब्द त्यांनी दारोदार ऐकलेले होते.

दारोदार म्हटले की विद्यार्थ्याचे आयुष्य आठवते, कारण या शहराच्या विद्येचा पाया दारांवर उभा आहे. जुन्या पुण्यात वार लावून जेवणारी मुले होती; सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, आठवड्याच्या प्रत्येक वाराला निराळे ताट आणि निराळा स्वभाव. १९०९ साली सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची मुले झोळी घेऊन माधुकरीला जात, आणि त्या परंपरेवर लक्षावधी शब्द लिहिले गेले असले तरी मला त्यातला एक क्षण नेहमी डोळ्यांसमोर येतो. मुलाने हाक दिली आहे, आतून अजून उत्तर आलेले नाही. पायरीवर उभे राहण्याचा तो काळ किती लांब असेल! आतून भाकरी येईल की शब्द येईल, आणि भाकरीबरोबर कसला शब्द येईल, हे ठरायचे असते. त्या प्रतीक्षेत वाढलेली माणसे पुढे विद्वान झाली, शिक्षक झाली, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या बोलण्यात जे आर्जव होते त्याचे मूळ मला त्या पायऱ्यांवर दिसते. काहींच्या बोलण्यातला जन्मभराचा कडवटपणाही तिथलाच.

आज सदाशिव पेठेत, नव्या पेठेत, स्पर्धा परीक्षांची मुले तशीच दारांपुढे उभी आहेत. कॉट बेसिसवर घेतलेली अर्धी खोली, उशाशी लोखंडी पेटी, भिंतीवर हाताने आखलेले वेळापत्रक, अभ्यासिकेतली महिन्याच्या भाड्याने घेतलेली एक खुर्ची. पूर्व, मुख्य, मुलाखत. आणि या तिन्हींच्या मध्ये निकालाची वाट पाहण्याचे महिने. त्यांचे सारे तारुण्य दोन आघातांच्या मधल्या जागेत चाललेले असते, आणि घरचे विचारतात, सध्या काय करतोस? उत्तर द्यायला काही घडलेले नसते. मेसच्या गल्ल्यावर, घरमालकाच्या उंबऱ्यावर, झेरॉक्सच्या दुकानात ही मुले दिवसभर जे बोलणे ऐकतात ते मी रांगेत मागे उभी राहून ऐकले आहे, आणि मला त्याची लाज वाटते, कारण ते माझे शहर बोलत असते. उद्या यांतलीच काही मुले तहसील कचेरीत खुर्चीवर बसतील आणि खिडकीपलीकडे कुणीतरी कागद घेऊन उभे असेल. त्या माणसाला ती किती क्षण देतील, हे आज मेसच्या रांगेत ठरते आहे, असे मला मनापासून वाटते.

संगीताच्या विद्यार्थ्यांनी तर पायरीची परीक्षा फार दिली. १९३३ च्या सुमारास, अकरा वर्षांचा भीमसेन जोशी गदगचे घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. तिकिटावाचून आगगाडीत बसला, तपासनिसाने हटकले की गाऊन दाखवू लागला. ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली असे फिरत तो जालंधरला पोहोचला, जिथे पुढे शिवनाथ सिंह धावणार होते, आणि शेवटी गुरू, सवाई गंधर्व, सापडले ते घराजवळ, कुंदगोळला. मला त्या गाडीतल्या नावे ठाऊक नसलेल्या तपासनिसांविषयी नेहमी कृतज्ञता वाटते. हटकणे हे त्यांचे कामच होते आणि फटकारून पुढच्या स्टेशनावर उतरवणे त्यांच्या हाती होते. काहींनी तसे केलेही असेल. पण त्यांतल्या कुणीतरी हटकणे आणि हाकलणे यांच्या मध्ये एका चिजेइतका वेळ दिला. पुढे १९५३ पासून पुण्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ जो महोत्सव भीमसेनांनी उभा केला त्यात आपण वर्षानुवर्षे जे ऐकले, ते थोडेसे त्या अनामिकांनीही आपल्याला दिलेले आहे.

विष्णु दिगंबर पलुसकरांची कथा याच्या उलट बाजूची. मिरजेत ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकत असताना एका समारंभाचे आमंत्रण त्यांना आले, गुरूंना आले नाही; विचारले तेव्हा, ते तर नुसते गवई, अशा अर्थाचे उत्तर मिळाले, असे सांगतात. उर्मट शब्द ऐकून मनात उत्तरांची झुंबड उठते हे मी टेकडीवर अनुभवले; त्यांनी त्या शब्दाला उत्तर द्यायला कितीतरी वर्षे घेतली. १८९६ साली मिरज सोडली, गावोगाव हिंडले, आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले, जिथे सामान्य घरातली मुले मानाने गाणे शिकू लागली. अपमान आणि प्रत्युत्तर यांच्या मध्ये इतकी दीर्घ विश्रांती ज्याला धरून ठेवता आली, त्याच्या लयीला काय म्हणावे!

त्याच परंपरेची विशारदची परीक्षा देणारी, मराठवाड्यातून आलेली एक मुलगी आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर पेइंग गेस्ट म्हणून राहते. पहाटे पाचला ती खर्ज लावते. मला तो आवाज जिन्यातून ऐकू येतो तेव्हा मी बुटांच्या नाड्या बांधत असते, आणि माझे पहिले पाऊल तिच्या स्वरावर पडते. काही दिवसांपूर्वी लिफ्टच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. त्यावरचे शब्द इथे लिहावेत असे नाहीत. मुलगी रडली. सोसायटीतल्या बायकांनी तिची बाजू घेतली, मीही घेतली, आणि ज्याने तो कागद लावला त्या तरुणाविषयी आम्ही जे बोललो त्यातही फारसा विसावा नव्हता. मग कळले की तो हिंजवडीला रात्रपाळी करतो आणि पहाटे चारला घरी पोहोचतो. त्याची झोप म्हणजे दोन दिवसांच्या मध्ये त्याला मिळणारी एवढीच विश्रांती, आणि ती मोडण्याचा अधिकार षड्जालाही नाही. लिहिलेले शब्द वाईटच होते. त्यामागची थकलेली रात्रही खरी होती.

मागच्या आठवड्यात तो जिन्यात भेटला. तो बाजूने निघून जात होता; मी त्याला थांबवले आणि विचारले, “झोप साधारण किती वाजेपर्यंत लागते रे तुला?”

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, “साडेदहा-अकरा, काकू. का?”

अकराला तिचे कॉलेज असते, संध्याकाळी ती शिकवण्या घेते. माझे घर खालच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला आहे, तिने पहाटे तिथे रियाज केला तर आवाज त्याच्या खोलीपर्यंत जाणार नाही असे तो म्हणतो; पण रस्त्यावरच्या दुधाच्या गाड्यांत आणि शाळेच्या बसच्या हॉर्नमध्ये तिला तंबोरा नीट ऐकू येईल का, हे बसून पाहायला हवे. रविवारी ती दोघे खाली येणार आहेत. दारे-खिडक्या लावून, उघडून, दोन-तीन तऱ्हांनी ऐकून पाहू.